‘महाकाय डास’ आणि नराच्या शेपटाचे टोक

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार वि. वि.

पावसाळी दिवसांत वृत्तपत्रांत एक छायाचित्र हटकून येते. भिंतीवर बसलेला, तळहात भरेल एवढ्या पायांचा, किडकिडीत अंगाचा एक कीटक आणि खाली ओळ असते ‘महाकाय डास आढळला’. कधी पुढे भर असते ‘नवी प्रजाती असण्याची शक्यता’. एका ओळीत दोन चुका. पहिली चूक एका नजरेत दुरुस्त होते. दुसरीला सूक्ष्मदर्शक लागतो, कॉस्टिक पोटॅश (मऊ भाग विरघळवणारा तीव्र क्षार) लागते आणि बराच धीर लागतो. दोन्हींविषयी थोडे सविस्तर लिहीत आहोत.

हा कीटक म्हणजे क्रेन फ्लाय. मराठीत त्याला सर्वमान्य नाव नाही, म्हणून इथे हेच वापरू. तो डासांच्याच गणातला, म्हणजे द्विपंखी. पण डासांचे कुल क्युलिसिडी आणि याची कुले टिप्युलिडी, लिमोनिइडी वगैरे. २०१८ मध्ये चीनमधल्या सिचुआन प्रांतातला ११.१५ सेंटिमीटर पंखविस्ताराचा नमुना ‘जगातला सर्वांत मोठा डास’ म्हणून जगभरच्या बातम्यांत झळकला. तोही होलोरुसिया मिकाडो या जातीचा क्रेन फ्लायच होता. रक्त पिण्याशी त्याचा काडीमात्र संबंध नाही.

फरक कुठे पाहायचा? आकारावरून नाही. क्रेन फ्लायमध्ये काही मिलिमीटरच्या चिमुकल्या जातीही शेकड्याने आहेत. डासाच्या पंखाच्या शिरांवर आणि कडेवर खवले असतात, क्रेन फ्लायच्या पंखावर नसतात. डासाच्या मादीची सोंड सुईसारखी पुढे आलेली असते. क्रेन फ्लायचे तोंड बहुधा एका आखूड नळकांड्याच्या टोकाशी असते आणि त्यात भोसकणारी पाती नसतात. जेरॅनोमायिया या प्रजातीत (जीनसमध्ये, म्हणजे जवळच्या जातींच्या गटात) सोंड लांब असते खरी, पण ती फुलातला मध पिण्यासाठी. अशा छायाचित्राने मात्र जाणताही क्षणभर फसतो, हे कबूल करायला हवे.

भरवशाची खूण वक्षाच्या पाठीवर आहे. मधल्या वक्षखंडाच्या पाठीवर इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखी खोबण असते, तिचे टोक मागे वळलेले. ती डावीकडून उजवीकडे सलग जाते. साध्या भिंगातून, आणि मोठ्या जातीत नुसत्या डोळ्यांनीही दिसते. म्हणून छायाचित्र घ्यायचेच तर वरून, वक्षावर फोकस धरून घ्यावे. बाजूने काढलेल्या चित्रात लांब पाय छान येतात, खोबण मात्र येत नाही.

‘व्ही’ दिसली म्हणजे काम संपले असेही नाही. ट्रायकोसेरिडी कुलातल्या चिलटांतही ती खोबण असते. पण त्यांच्या डोक्यावर दोन संयुक्त डोळ्यांच्या मध्ये तीन साधे डोळे असतात. क्रेन फ्लायला साधे डोळे नसतात. टायकॉप्टेरिडी हे दुसरे फसवे कुल. तिथे पंखाच्या मागच्या भागात कडेपर्यंत पोहोचणारी गुदशिरा एकच असते, क्रेन फ्लायमध्ये दोन. म्हणजे क्रम असा: खोबण, मग साधे डोळे, मग गुदशिरा. या तिन्हींचे उत्तर जुळले तर क्रेन फ्लाय म्हणायला हरकत नाही. तशाच लांब पायांनी लटकणारे बिटॅसिडी कुलातले कीटक पाहताना फक्त पंख मोजावेत. त्यांना चार असतात, द्विपंख्यांना दोन.

द्विपंख्यांच्या मागच्या पंखांच्या जागी संतोलक असतात, टाचणीसारखे, टोकाला गाठ असलेले. घरमाशीत ते पापुद्र्याखाली लपतात, क्रेन फ्लायमध्ये उघडे आणि चांगले लांब असतात. उडताना ते पंखांच्या उलट दिशेने हलतात. शरीर कलंडले की त्यांच्या बुडाशी असलेल्या सूक्ष्म संवेदकांना ताण कळतो आणि चेतासंस्था पंखांचा झोक सावरते. संतोलक तुटलेला कीटक धड उडू शकत नाही. नमुन्यात त्यांचा रंग नोंदवायचा असतो, देठाचा वेगळा आणि गाठीचा वेगळा, कारण जातींच्या वर्णनात तो हमखास येतो.

आता ‘नांगी’विषयी. मादीच्या उदराचे टोक निमुळते, टणक आणि टोकदार असते. ते पाहून लोक घाबरतात. तो अंडनिक्षेपक आहे. वर सर्सायची (उदराच्या टोकाच्या उपांगांची) जोडी, खाली आठव्या खंडाच्या झडपांची जोडी. या चार पात्यांनी मादी ओल्या मातीत, शेवाळात, कुजक्या लाकडात भोक पाडून अंडी ठेवते. विषग्रंथी नाही. नराच्या उदराचे टोक उलट बोथट आणि फुगीर असते, किंचित वर वळलेले. नर-मादी ओळखण्यासाठी एवढे पुरते. ‘हा कीटक डास खातो’ हा समजही तितकाच निराधार आहे. प्रौढ क्रेन फ्लाय फार तर पाणी किंवा मध घेतो आणि थोडे दिवस जगतो.

इथपर्यंत ओळख झाली. जातीचे नाव ही वेगळी गोष्ट.

एक भाषिक तक्रार आधीच करून टाकतो. मराठी जीवशास्त्रीय परिभाषेत प्रजाती म्हणजे जीनस आणि जाती म्हणजे स्पीशीज. वृत्तपत्रे हिंदीच्या वळणाने सरसकट ‘प्रजाती’ लिहितात. ‘नवी प्रजाती’ आणि ‘नवी जाती’ यांत भाषेपुरता नव्हे, कामाचा फरक आहे. प्रस्थापित प्रजातीत एक नवी जाती घालणे तुलनेने सरळ असते. नवी प्रजाती मांडायची तर तिच्या शेजारच्या सगळ्या प्रजातींच्या व्याख्या पुन्हा तपासाव्या लागतात.

क्रेन फ्लायच्या पंधरा हजारांहून अधिक जातींना आजवर नावे मिळाली आहेत. त्यांतली अकरा हजारांहून जास्त नावे एकाच माणसाने दिली: अमेरिकन कीटकतज्ज्ञ चार्ल्स पॉल अलेक्झांडर (१८८९–१९८१). ही कामगिरी थक्क करणारी आहेच, पण तिच्यामुळे आजच्या अभ्यासकाला बसणारी खीळही मोठी आहे. उष्ण प्रदेशांतल्या पुष्कळ जातींची वर्णने मोजक्या नमुन्यांवरून, कधी एकाच नमुन्यावरून झाली. काही वर्णनांत पंखाची आकृती आहे पण नराच्या जननांगाची नाही. काही जाती केवळ मादीवरून वर्णिल्या गेल्या. त्यामुळे आज एखादा नमुना कोणत्याच वर्णनाशी जुळत नसेल, तर तो नवा असण्याइतकीच शक्यता ही असते की जुने वर्णनच अपुरे आहे. तेव्हा मूळ नमुना, म्हणजे टाइप, जिथे असेल तिथे जाऊन किंवा त्याची छायाचित्रे मागवून पाहिल्याखेरीज निकाल देता येत नाही.

अलेक्झांडर सगळ्यांना टिप्युलिडी या एकाच कुलात ठेवत. आता बहुतेक अभ्यासक चार कुले मानतात: टिप्युलिडी, लिमोनिइडी, पेडिसिइडी आणि सिलिंड्रोटोमिडी. यांतले लिमोनिइडी हे एकाच पूर्वजाचे सगळे वंशज धरणारे कुल नसावे, असे मानणारे बरेच आहेत. पण टेबलावर नमुना वेगळा करताना ही विभागणी उपयोगी पडते. टिप्युलिडीत पॅल्पचा (तोंडाजवळच्या स्पर्शकाचा) शेवटचा खंड चाबकासारखा लांब असतो, शृंगिका (डोक्यावरची मिशी) बहुधा १३ खंडांची, आणि डोक्याच्या नळकांड्यावर पुष्कळदा नाकासारखा उंचवटा. लिमोनिइडीत पॅल्पचा शेवटचा खंड आखूड आणि शृंगिका बहुधा १४ किंवा १६ खंडांची. पेडिसिइडीत संयुक्त डोळ्यांच्या पैलूंमध्ये बारीक केस असतात. सिलिंड्रोटोमिडी हे छोटे कुल, त्याच्या अळ्या बव्हंशी शेवाळावर वाढतात. विसावताना टिप्युलिडी पंख बहुधा पसरून बसतात आणि लिमोनिइडी पाठीवर मिटून. या शेवटच्या खुणेला अपवाद इतके की तिच्यावर एकटीवर विसंबू नये.

उदाहरण म्हणून उष्ण प्रदेशातली एक सर्वदूर पसरलेली जाती घेऊ, कोनोसिया इरोराटा. आफ्रिकेपासून दक्षिण आणि आग्नेय आशियातून ऑस्ट्रेलियापर्यंत ती आढळते. पाणथळ गवतात, भातखाचरांच्या चिखलात तिच्या अळ्या वाढतात. कुल लिमोनिइडी. पंखावर, विशेषतः शिरांलगत, तपकिरी ठिपक्यांची पखरण असते. नावातले लॅटिन ‘इरोराटा’ म्हणजे दव शिंपडलेली. ती काडीला अंग चिकटवून, पंख मिटून बसली की काडीचाच भाग वाटते.

तिचे नाव पूर्ण लिहिताना असे लिहितात: कोनोसिया इरोराटा (वीडेमान, १८२८). हा कंस शोभेचा नव्हे. जर्मन अभ्यासक वीडेमान यांनी १८२८ मध्ये ही जाती वेगळ्या प्रजातीत वर्णिली होती. कोनोसिया ही प्रजाती व्हान डर वुल्प यांनी १८८० मध्ये मांडली आणि जाती तिच्यात आली. जाती मूळ प्रजातीतून हलली की लेखकाचे नाव आणि वर्ष कंसात जाते. मूळ जागीच असेल तर कंस नसतो. म्हणून टिप्युला ओलेरासिया लिनेयस, १७५८ हे कंसाविना. बातमीत हा कंस कुणीतरी ‘अनावश्यक’ म्हणून काढतो, तेव्हा जातीचा इतिहासच पुसला जातो.

आता पंख. शिरांना नावे देण्याची पद्धत कॉमस्टॉक आणि नीडम यांनी १८९८ मध्ये मांडली, तिचे सुधारित रूप आजही चालते. पुढच्या कडेला कॉस्टा, तिच्यामागे सबकॉस्टा, मग रेडियस, मीडिया, क्युबिटस आणि शेवटी दोन गुदशिरा. पाहायच्या मुख्य जागा अशा. सबकॉस्टा कुठे संपते? टिप्युलिडीत ती बहुधा वाकून रेडियसला मिळते, लिमोनिइडीत बहुधा कॉस्टाला. रेडियल सेक्टर (रेडियसची मागची फांदी) कुठून फुटतो, किती लांब आहे, त्याच्या किती फांद्या कडेला पोहोचतात? पंखाच्या मध्यापलीकडे डिस्कल कोष्ठ (शिरांमधला मधला कप्पा) बंद आहे की उघडा? मीडिया आणि क्युबिटस यांना जोडणारी आडशीर त्या कोष्ठाच्या संदर्भात नेमकी कुठे येते?

इथे नवशिका हमखास एक चूक करतो: एकाच पंखावरून निष्कर्ष. क्रेन फ्लायमध्ये शिरांच्या विकृती नवलाच्या नाहीत. एका पंखात डिस्कल कोष्ठ बंद आणि त्याच कीटकाच्या दुसऱ्या पंखात उघडा, असे होते. दोन्ही पंख पाहावेत आणि जमेल तर त्याच ठिकाणचे आणखी नमुनेही. नुकताच कोषातून निघालेला कीटकही फसवतो. त्याचे रंग फिके आणि ठिपके पुसट असतात, अंग मऊ असते. लांबी देताना पंखाची लांबी जास्त विश्वासार्ह, कारण वाळल्यावर उदर आक्रसते, विशेषतः मादीचे. शरीराची लांबी शृंगिका सोडून मोजायची.

पण बहुतेक प्रजातींत जातीचा शेवटचा निवाडा होतो तो नराच्या उदराच्या टोकावर. त्याला हायपोपायजियम म्हणतात. नवव्या खंडाचे पाठकवच आणि उदरकवच, त्यांना जोडून दोन बाजूंना गोनोकॉक्साइट, त्यांच्या टोकाशी चिमट्यासारखे गोनोस्टायलस, बहुधा बाहेरचा आणि आतला असे दोन, आणि मध्ये एडीगस (शिश्न), त्याच्या बाजूंना पॅरामिअर. पाठकवचाच्या मागच्या कडेची खाच, आतल्या गोनोस्टायलसची चोच, एडीगसचा बाक: एरवी हुबेहूब दिसणाऱ्या दोन जाती इथे वेगळ्या पडतात. टिप्युलिडीत आठव्या खंडाच्या उदरकवचावरचे केस आणि उंचवटेही पाहावे लागतात. मादीत अंडनिक्षेपकाचा आकार आणि आतल्या शुक्राणूकोशांची (बहुधा तीन) संख्या व रूप उपयोगी पडते, पण जुन्या वर्णनांत ही माहिती क्वचितच असते. म्हणून केवळ मादी हाती असेल तर प्रजातीपर्यंत जाऊन थांबणे प्रामाणिकपणाचे.

हे भाग पाहण्याची कृती अवघड नाही, तिच्यात घाई मात्र चालत नाही. नराच्या उदराचे शेवटचे तीन-चार खंड बारीक कात्रीने कापावेत. तत्पूर्वी आहे त्या अवस्थेत वरून, खालून आणि बाजूने छायाचित्र घ्यावे. पोटॅशनंतर स्नायू विरघळतात, रंग जातो आणि मूळ ठेवण पुन्हा दिसत नाही. १० टक्के कॉस्टिक पोटॅशचे द्रावण करावे: १० ग्रॅम पोटॅश थोडे थोडे पाण्यात टाकत, ढवळत, १०० मिलिलिटरपर्यंत न्यावे. पोटॅशवर पाणी ओतू नये, ते उसळते. हातमोजे आणि चष्मा हवाच. टोक या द्रावणात रात्रभर ठेवावे, किंवा गरम पाण्यात नळी उभी करून १० ते १५ मिनिटे. उकळू मात्र नये. उकळीने आत बुडबुडे धरतात, पातळ पडदे फाटतात आणि एडीगस सरकतो. गरम करत असाल तर दर पाच मिनिटांनी पाहावे. फिक्या, मऊ अंगाच्या जाती लवकर पारदर्शक होतात आणि मग त्यांच्या कडाच दिसेनाशा होतात. असा नमुना परत आणता येत नाही.

पुढे दोनदा पाण्याने धुऊन, तिसऱ्या पाण्यात ॲसेटिक आम्लाचा एक थेंब टाकावा. ही पायरी टाळली तर राहिलेले पोटॅश कुपीतही आपले काम चालूच ठेवते आणि काही महिन्यांनी उघडून पाहावे तो टोक लिबलिबीत झालेले. नंतर खोलगट काचपट्टीवर ग्लिसरीनमध्ये ठेवून दोन बारीक सुयांनी भाग वेगळे करावेत. आकृत्या ग्लिसरीनमध्ये असतानाच काढाव्यात. कायमच्या काचपट्टीत बसवले की वरच्या काचेच्या दाबाने सगळे चपटे होते आणि एकाच कोनातून दिसते. जुन्या आकृत्यांशी नव्या जुळत नाहीत, त्यामागे पुष्कळदा हेच कारण असते. शेवटी टोक ग्लिसरीनच्या छोट्या थेंबात, सूक्ष्मकुपीत, त्याच नमुन्याच्या टाचणीला लावून ठेवावे. कुपीवर आणि नमुन्यावर एकच क्रमांक. दोन नरांची टोके एकाच बशीत एकावेळी काढू नयेत, इतके सांगितले तरी पुरे.

नमुना गोळा करतानाचा मोठा वैरी म्हणजे पाय. क्रेन फ्लायचा पाय ट्रोकॅन्टर (मांडीच्या आधीचा आखूड खंड) आणि मांडी यांच्या सांध्याशी सहज सुटतो. शत्रूच्या तोंडी एक पाय देऊन निसटण्याची ती सोय आहे. प्रौढात तो परत उगवत नाही. त्यामुळे एका नळीत एकच कीटक ठेवावा. मारण्यासाठी एथिल ॲसिटेटची वाफ पुरते, पण नळीच्या आत ओल धरली तर पंख काचेला चिकटतात. तळाशी घडी घातलेला टिपकागद ठेवावा. वाळवलेला नमुना वक्षातून जाड टाचणी घालून लावू नये. तिने नेमकी ती ‘व्ही’ खोबण फुटते. कडक कागदाच्या त्रिकोणाच्या टोकाला वक्षाची उजवी बाजू गोंदाच्या कणाने चिकटवावी. अल्कोहोलमध्ये ठेवायचे तर रचनेसाठी ७० ते ८० टक्के आणि डीएनएसाठी ९५ टक्के, थंडाव्यात. अल्कोहोलमध्ये रंग उडतो आणि पाय तळाशी जमा होतात, म्हणून एकाच जातीचे काही नमुने वाळवलेले आणि काही द्रावणातले ठेवणे बरे.

सुटलेला पाय टाकून देऊ नये. तो त्याच क्रमांकाने वेगळ्या अल्कोहोलमध्ये ठेवला की डीएनए बारकोडसाठी पुरतो. बारकोड म्हणजे ओळख पटवण्यासाठी वापरायचा सीओआय या जनुकाचा ६५८ बेस जोड्यांचा तुकडा. पण बारकोड ‘कुणाशी जुळला नाही’ म्हणजे जाती नवी, असे नाही. बारकोडच्या संग्रहात त्या जातीची नोंदच नसेल तर जुळणार कशाशी? उष्ण प्रदेशांतल्या असंख्य जातींची तीच गत आहे.

अळ्यांविषयी थोडक्यात. डोक्याचे कवच मागे चिरलेले आणि वक्षात ओढून घेता येणारे. श्वासरंध्रे शरीराच्या मागच्या टोकाला एका चकतीवर, भोवती मांसल पाकळ्या: टिप्युलिडीत बहुधा सहा, लिमोनिइडीत पाच किंवा कमी. चार अवस्था, मग कोष. बहुतेक अळ्या कुजका पाला खातात, हेक्साटोमासारख्या काही शिकारी असतात आणि युरोपातल्या टिप्युला पालुडोसासारख्या थोड्या गवताची मुळे खाऊन नुकसान करतात. दिव्याशी आलेल्या प्रौढावर फवारा मारून हे नुकसान टळत नाही.

राहता राहिला ‘नव्या जातीचा’ मथळा. प्राणिनामांच्या आंतरराष्ट्रीय संहितेची चौथी आवृत्ती १ जानेवारी २००० पासून लागू आहे. तिच्यानुसार नवे नाव देताना ते नवे आहे असे स्पष्ट म्हणावे लागते, वर्णन किंवा व्याख्या द्यावी लागते, टाइप नमुना नेमून तो कोणत्या संग्रहात आहे वा असणार हे सांगावे लागते. भिंतीवरच्या छायाचित्रात यातले काहीच नसते. वर्णनाविना छापलेल्या नावाला ‘नोमेन नुडम’, उघडे नाव, म्हणतात आणि ते ग्राह्य धरले जात नाही. शोधनिबंध छापून येण्याआधी बातमीत नाव फुटले तर गोंधळ मात्र वाढतो. तेव्हा असे वृत्त आले की पाठवणाऱ्याला चारच गोष्टी विचाराव्यात: नर आहे की मादी, टोक पाहिले आहे का, टाइप नमुना कुठे ठेवला आहे, आणि निबंध प्रसिद्ध झाला आहे का. चौथ्याचे उत्तर ‘नाही’ असेल तर छायाचित्र खुशाल छापावे, खाली ‘क्रेन फ्लाय’ लिहावे आणि लॅटिन नाव गाळावे.

आणि छायाचित्र पाठवणाऱ्या वाचकांसाठी जागा असेल तर एवढे छापावे: एक चित्र वरून वक्षाचे, एक पसरलेल्या पंखाचे, एक डोक्याचे बाजूने, एक उदराच्या टोकाचे, सोबत ठिकाण, समुद्रसपाटीपासूनची उंची, तारीख, आणि कीटक दिव्याशी आला की गवतात, ओल्या खडकावर बसलेला सापडला, ते.

आपले,
कीटक-वर्गीकरणाचे काही अभ्यासक